मांजराचा लिटर ट्रे आणि घरातला वास: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन मांजरं आहेत: ठुमकी, चिंगी आणि गोट्या नावाचा बोका. त्यांच्या शी-शूसाठी घरात लिटर ट्रे आहेत, म्हणजे माती किंवा तसंच काही शोषणारं (लिटर) भरलेले पसरट ट्रे. पाहुणे आले की दारातच जरा हुंगून बघतात आणि मग विचारतात, "वास कसा काय येत नाही?" जिन्यात, फोनवर, भाजीच्या ठेल्यापाशी लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एका जागी मांडले आहेत. उत्तरं नागपूरच्या हवेला धरून आहेत. पुण्याच्या हवेत जो आळस खपून जातो तो इथल्या मे महिन्यात खपत नाही.

मुळात वास कशाचा? शीचा की शूचा?

शीचा वास नाकात भसकन शिरतो, पण ती उचलली की संपतो. घरात मुरतो तो शूचा वास. गंमत अशी की निरोगी मांजराच्या ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो. ती पडून राहिली की जिवाणू हा युरिया फोडतात आणि अमोनिया तयार होतो. डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. ऊब आणि ओल जितकी जास्त तितकं जिवाणूंचं काम भरभर चालतं. आपल्याकडे एप्रिल ते जून कडक ऊन, मे महिन्यात पारा कधी ४५ च्याही पुढे, आणि मग सप्टेंबरपर्यंत हवेत ओल. म्हणजे निम्मं वर्ष त्यांच्या सोयीचंच.

शिवाय घरातलं मांजर हे आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखात राहणाऱ्या रानमांजराचं वंशज आहे. शरीरातलं पाणी वाचवून घट्ट लघवी करणं हा त्याचा जन्मजात गुण. उन्हाळ्यात पाणी कमी पोटात गेलं तर ती आणखी घट्ट होते आणि वासही वाढतो. म्हणून पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि ती ट्रेपासून लांब ठेवा. मी मातीच्या पसरट भांड्यात माठातलं पाणी ठेवते. गोट्या ते आवडीने पितो.

नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनाइन नावाचं गंधक असलेलं अमिनो आम्ल बरंच जास्त असतं. ते फुटत गेलं की तो ओळखीचा उग्र बोक्याचा वास येतो. हे एकदा समजलं की सुगंधी फवाऱ्यावरचा खर्च वाचतो. लघवीचा अमोनिया होण्याआधी ती घराबाहेर गेली पाहिजे. मी जे काही करते ते एवढ्यासाठीच.

दिवसातून किती वेळा साफ करायचं?

सकाळी एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की मी दुपारीही एक फेरी मारते. तीन ट्रेचं काम पाच मिनिटांत होतं.

उचलण्याची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. लघवी पडली की लिटरचा गोळा होतो. तो ओला असताना लगेच हात लावला तर तो फुटतो आणि त्याचा चुरा साऱ्या ट्रेमध्ये मिसळतो. वास राहतो तो या चुऱ्याचा. अर्धा तास गोळा घट्ट होऊ द्या, मग कडेने खाली शिरून अख्खा उचला. दुकानात यासाठी प्लास्टिकचा स्कूप मिळतो, पण तो वाकतो. मी स्टीलचा जुना झारा याच कामासाठी वेगळा काढला आहे, त्याने गोळा मोडत नाही. लिटरचा थर पाच ते सात सेंटीमीटर ठेवा. त्याहून पातळ असला तर लघवी थेट तळाला पोहोचते, चिखल चिकटतो आणि मग खरवडत बसावं लागतं.

कोणतं लिटर घ्यावं?

माझं मत: बारीक दाण्याचं, गोळा धरणारं, बिनवासाचं बेंटोनाइट. ही एक प्रकारची चिकणमाती आहे, पाणी लागलं की फुगते आणि घट्ट गोळा होतो. आपल्या देशात ती कच्छ आणि राजस्थानच्या बाडमेर भागात सापडते. बहुतेक मांजरांना पायाखाली बारीक, रेतीसारखं काहीतरी आवडतं. हे लिटर तसंच असतं, म्हणून मांजर ते सहसा नाकारत नाही. याचा दोष म्हणजे धूळ आणि वजन. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असताना दहा किलोची पिशवी चढवली की तो चांगलाच कळतो.

टोफूचं लिटर हलकं असतं आणि त्याची धूळ कमी उडते. पण ते सोयाबीनच्या चोथ्यापासून बनतं. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर बुरशी येते, किडेही होतात. सिलिकाचे खडे लघवी शोषून घेतात आणि उन्हाळ्यात बरे चालतात, पण ते टोचतात म्हणून काही मांजरं नाक मुरडतात. पाइनच्या लाकडाच्या गोळ्या ओल्या झाल्या की भुसा होऊन खाली बसतात. त्यांना चाळणीचा ट्रे लागतो.

लॅव्हेंडर वगैरे वासाचं लिटर घेऊ नका. आपल्याला छान वाटतं, पण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं आणि त्याला त्या ट्रेमध्ये उभं राहायचं असतं. लिटर बदलायचंच असेल तर आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्या.

महिन्याचा खर्च झेपत नाही. रेती, राख, लाकडाचा भुसा किंवा धानाचा कोंडा चालेल का?

हा प्रश्न विचारताना कुणी संकोचू नये. अमेरिकेतही लोक राख आणि रेतीच वापरत होते. १९४७ साली मिशिगनमधल्या एड लोव नावाच्या माणसाने एका शेजारणीला राखेऐवजी मुलतानी मातीच्या जातीची माती देऊन पाहिली आणि तिथून हा सगळा धंदा सुरू झाला.

रेती चालते, मांजराला आवडतेही. पण ती शोषत नाही. लघवी निथळून तळाशी साचते आणि तिथेच सडते. रेतीच वापरायची तर चाळून, धुवून, कडक उन्हात वाळवून घ्या आणि दोन दिवसांत पूर्ण बदला. बांधकामाच्या ढिगावरून उचललेली नको, तिच्यात सिमेंट असू शकतं आणि रस्त्यावरची मांजरं आधीच तिथे जाऊन आलेली असतात. चुलीची राख ओली झाली की क्षारामुळे पंजांना चरचरते, आणि ती घरभर उडते. मी ती वापरू नका असंच सांगते.

लकडगंजच्या आरागिरण्यांतून भुसा सहज मिळतो. अगदी बारीक पीठ असलेला किंवा प्लायवूडचा भुसा घेऊ नका. पहिला नाकातोंडात जातो, दुसऱ्यात डिंक आणि रसायनं असतात. साध्या लाकडाचा जाडसर भुसा घ्या आणि रोज बदला. भंडारा-गोंदियाकडे कुणी नातेवाईक असेल तर धानाचा कोंडा पोतंभर मिळून जातो. तो हलका आणि कोरडा असतो पण लघवी फारशी धरत नाही, म्हणून तळाशी वर्तमानपत्राचे चार थर घाला आणि कागदासकट रोज काढून टाका. पैसे वाचतात, कष्ट वाढतात. एक मांजर असेल तर हे जमतं. तीन असतील तर शेवटी बेंटोनाइटच परवडतं.

ट्रे किती हवेत आणि केवढा?

जितकी मांजरं त्याहून एक जास्त. आमच्याकडे तिघांना चार हवेत, आहेत तीनच. जागा नाही, म्हणून ती कसर मी जास्त फेऱ्या मारून भरून काढते. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या दीडपट तरी हवी. दुकानातले बहुतेक ट्रे त्यामानाने लहान असतात. मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा कपड्यांचा पसरट टब त्याहून स्वस्तात मिळतो आणि बरा पडतो. पिल्लांना आणि म्हाताऱ्या मांजरांना एक बाजू बुटकी हवी.

झाकणाचा ट्रे घेतला तर वास कमी होतो ना?

बाहेर कमी येतो, आत कोंडतो. आणि नजरेआड गेलं की साफ करायचं राहून जातं. मी उघडाच वापरते.

ट्रे घरात कुठे ठेवायचा? आमच्याकडे कूलर असतो.

नागपुरात ट्रेची जागा ठरवताना आधी कूलरची जागा बघावी लागते. कूलरच्या झोतात ट्रे ठेवला तर दोन गोष्टी होतात. ओलसर हवेने लिटर कधी पूर्ण सुकत नाही, आणि जो काही वास असेल तो वाऱ्याबरोबर थेट दिवाणखान्यात पोहोचतो. कूलर ज्या खिडकीत आहे तिच्या समोर, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते त्या खिडकीजवळ किंवा दारापाशी ट्रे ठेवा. वास त्याच वाटेने बाहेर जातो. आम्ही मागच्या खोलीतला ट्रे अवघा सहा फूट सरकवला आणि फरक त्याच दिवशी कळला.

बाल्कनी ही लोकांची आवडती जागा, पण पश्चिमेकडची बाल्कनी मे महिन्यात दुपारी तव्यासारखी तापते. मांजर तिकडे जाणं टाळतं आणि तुमच्या सोफ्यामागची सावली शोधतं. बाल्कनीत ठेवायचाच तर सावली हवी आणि जाळी हवी. बाथरूम चालतं, पण आपल्याकडे बाथरूमची फरशी दिवसभर ओली असते. दोन विटांवर पाट टाकून त्यावर ट्रे ठेवा. जेवणाच्या वाटीशेजारी ठेवू नका, वॉशिंग मशीनशेजारीही नको. मशीन अचानक घुरघुरलं की भित्रं मांजर पुन्हा त्या कोपऱ्यात पाय ठेवत नाही.

ट्रे धुवायचा कशाने? मी फिनाईल टाकते.

कृपया टाकू नका. हे मी हात जोडून सांगते. फिनॉलच्या जातीची रसायनं शरीराबाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. काळं फिनाईल, पाण्यात दुधासारखी होणारी फरशीची औषधं, क्लोरोझायलेनॉल असलेली डेटॉलसारखी अँटिसेप्टिक्स, ही सगळी पंजांना लागतात आणि मांजर पंजे चाटतं. आपण ज्याला स्वच्छतेचा वास म्हणतो तो त्याच्यासाठी विष ठरू शकतो.

ट्रे पूर्ण रिकामा करा, गरम पाणी आणि भांड्यांचा साधा साबण घ्या, वेगळ्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. अमोनियाचा वास राहिलाच तर पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. मग कडक ऊन. आपल्याकडे ते फुकट आणि मुबलक आहे, एवढ्या एका बाबतीत नागपूरच्या उन्हाळ्याचे आभार मानावेत. पूर्ण सुकल्याशिवाय नवं लिटर ओतू नका.

ब्लीच ट्रेवर कधीही ओतू नका. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो तुमच्याही छातीत भरेल. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करणं तर त्याहून वाईट.

गोळा धरणारं लिटर रोज नीट साफ होत असेल तर दोन-तीन आठवड्यांनी सगळं बदलून ट्रे धुवा. गोळा न धरणारं आठवड्यातून दोनदा बदलावं लागतं.

संत्र्याची सालं ट्रेमध्ये ठेवली तर?

हंगामात हा सल्ला मला दर आठवड्याला कुणीतरी देतं, आणि तो प्रेमानेच दिलेला असतो. पण मांजरांना लिंबूवर्गीय फळांचा वास मुळीच सहन होत नाही. सालं ठेवलीत तर ट्रेचा वास झाकेल, पण मांजर ट्रेकडे फिरकणार नाही. हीच सालं कुंडीत ठेवा. मांजर तुळशीची माती उकरत असेल तर ते थांबतं.

खाण्याचा सोडा? कापूर? डांबर गोळ्या? उदबत्ती?

सोडा चालतो. रिकाम्या ट्रेच्या तळाला चमचाभर भुरभुरवा आणि वर लिटर घाला. कापूर आणि डांबर गोळ्या मांजरासाठी विषारी आहेत, घरातून काढूनच टाका. निलगिरी आणि टी ट्रीचं तेलही तसंच. देवापुढच्या उदबत्तीला कुणी अडवत नाही, पण ट्रेच्या कोपऱ्यात लावू नका, धुराने मांजराच्या छातीला त्रास होतो.

पावसाळ्यात काहीही केलं तरी कुबट वास येतो.

पिशवी उघडी राहते म्हणून. जुलैत आपल्या घरात मीठसुद्धा ओलं होतं, मग ओल ओढून घेणारी माती कशी कोरडी राहील? लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. धान्याची जुनी कोठी उत्तम. ट्रेमध्ये थर थोडा कमी ठेवा आणि पूर्ण बदल आठवडाभर आधी करा. ऊन नसेल तेव्हा धुतलेला ट्रे पंख्याखाली वाळवा. माशा बसत असतील तर शी दुपारपर्यंत पडू देऊ नका, अळ्या व्हायला दिवसभरही लागत नाही.

गादीवर शू केली. धुतलं, वाळवलं, तरी कूलर लावला की वास परत येतो.

लघवीतले युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने विरघळत नाहीत. कोरडे असताना ते गप्प बसतात, ओल मिळाली की पुन्हा वास सोडतात. कूलर सुरू होताच वास येतो तो यामुळे. यावर एन्झाइमवालं क्लीनर हाच उपाय, पाळीव प्राण्यांच्या दुकानात ते मिळतं. डाग जितका खोल गेला असेल तितकं खोल ते मुरू द्या, बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ ओलं ठेवा आणि मग आपोआप सुकू द्या. जुना डाग सापडत नसेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारा, तो चमकतो.

मांजराला मारू नका, त्याचं तोंड डागावर घासू नका. त्याला त्यातून फक्त तुमची भीती बसते. ट्रे घाण होता का, जागा बदलली का, लिटर बदललं का, घरात नवं मांजर किंवा बाळ आलं का, हे आधी बघा. यातलं काहीच नसेल तर डॉक्टरांकडे न्या. लघवीच्या जागी जळजळ होत असली की मांजर ट्रेलाच दोष देतं आणि मऊ जागा शोधतं.

नसबंदी न झालेला बोका उभ्याने, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर ती हद्द आखणं आहे. पाच-सहा महिन्यांचा असताना नसबंदी केली तर बहुतेक बोके ही सवय लावूनच घेत नाहीत, आणि लघवीचा उग्रपणाही उतरतो.

सून गरोदर आहे. सासूबाई म्हणतात मांजर सोडून या.

या प्रश्नाने किती मांजरं रस्त्यावर आली असतील, विचार केला तरी पोटात तुटतं. भीती खोटी नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. पण पुढचंही ऐका. मांजर बहुधा पहिल्यांदा लागण झाल्यावरच, एक ते तीन आठवडे तो बाहेर टाकतं. आणि विष्ठेतला परजीवी लगेच लागत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोज शी उचलली तर तो तयार होण्याआधीच घराबाहेर जातो.

म्हणून गरोदरपणात ट्रे मुलाने किंवा सासऱ्यांनी साफ करावा. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालून रोज उचला आणि हात साबणाने धुवा. मांजराला कच्चं मांस देऊ नका, उंदरामागे बाहेर सोडू नका. माणसांना ही लागण अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होते, तेव्हा सांभार (कोथिंबीर) आणि पालक तितक्याच काळजीने धुवा. तुमच्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगा, हवी तर ते रक्ततपासणी करतील. सासूबाईंशी भांडू नका. हे सगळं त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवा.

काढलेली घाण टाकायची कुठे?

वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून, बाकी कचऱ्यापासून वेगळी कचरागाडीत द्या. संडासात टाकू नका, बेंटोनाइट पाइपात फुगून बसतं आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होतो. भाजीच्या कुंड्यांत खत म्हणूनही नको.

पिल्लाला कधी शिकवायचं?

चार आठवड्यांचं झालं की ते स्वतःच उकरू लागतं. जेवल्यावर आणि झोपेतून उठल्यावर ट्रेमध्ये ठेवा, बस. मात्र तीन-चार महिन्यांपर्यंत गोळा धरणारं लिटर वापरू नका. पिल्लं ते खातात आणि ते पोटात फुगतं.

बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, पण गोळाच सापडत नाही.

वाचणं थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खडा किंवा चिकट गाळ अडकून तो बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

गोट्याचं असंच झालं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. संध्याकाळपासून तो सहा वेळा ट्रेमध्ये गेला, बारीक आवाजात ओरडला. आम्हाला वाटलं पोट साफ होत नसेल. रात्री अकराला ट्रे साफ करताना लक्षात आलं की त्याच्या ट्रेमध्ये सकाळपासून एकही ओला गोळा नाही. त्याच रात्री दवाखाना गाठला, नळी घालून लघवी काढली, तीन दिवसांनी तो घरी आला. ट्रे सकाळी आणि रात्री साफ करायची सवय नसती तर ही गोष्ट कदाचित दुसऱ्या दिवशी दुपारी कळली असती.

तेव्हापासून मी गोळे मोजते. एका मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार असतात. अचानक वाढले, मोठे झाले तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी, विशेषतः म्हाताऱ्या मांजरात. लालसर दिसले तरी थांबू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खासगी डॉक्टरही बरेच आहेत. पण रात्री कोण बघतं हे आजच विचारून, नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दोन दिवस लग्नाला अमरावतीला जायचं आहे. ट्रेचं काय?

एक जास्तीचा ट्रे भरून ठेवा आणि दिवसातून एकदा तरी कुणी येईल अशी सोय करा. आमच्या समोरच्या काकूंना मी झारा कुठे आहे ते दाखवून ठेवलं आहे. त्या आल्या की गोळे किती निघाले ते फोनवर सांगतात.

ट्रे किती वर्षं चालतो?

वर्षभर. नखांच्या ओरखड्यांत वास मुरतो, तो धुऊन निघत नाही. मी दर दिवाळीच्या साफसफाईत बदलते.